फोटोत सॅच्युरेशन कधी आणि किती वाढवायचं: पहिल्यांदाच एडिट करणाऱ्यांसाठी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर मार्केट यार्डातल्या फुलबाजारात जा, झेंडूचे ढीगच्या ढीग लागलेले असतात, केशरी वेगळा, पिवळा वेगळा, मधेच पांढरी शेवंती, अक्षरशः डोळ्यांचं पारणं फिटतं. आपण पन्नास फोटो काढतो आणि घरी येऊन बघतो तर झेंडू मातकट. मग पहिला हात जातो सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंग किती भरलेला दिसावा ते ठरवणाऱ्या स्लायडरवर, सरकवला की झेंडू एकदम पेटतो आणि पाच मिनिटं फार छान वाटतं. नंतर लक्षात येतं की वर बांधलेली ताडपत्री शाईसारखी निळी झालीये, फुलं विकणाऱ्या काकूंचे हात भाजल्यासारखे लाल दिसतायत, आणि झेंडूच्या पाकळ्या एकात एक मिसळून नुसता केशरी डबका उरलाय.

मला ओळखीतले लोक एडिटिंगबद्दल जे विचारतात त्यातलं बरंचसं शेवटी इथेच येऊन थांबतं. फोटो फिका दिसला की त्यात रंग कमी पडला असं वाटतं, पण बहुतेक वेळा रंग असतो, त्याच्यावर दुसऱ्याच कशाचा तरी थर बसलेला असतो, निळसर उजेडाचा, धुक्याचा, नाहीतर कमी एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत उजेडच कमी आल्याचा. तो थर आधी काढायचा आणि मग उरली गरज तर सॅच्युरेशन, या क्रमाने गेलात तर अर्ध्या फोटोंना त्या स्लायडरला हातसुद्धा लावावा लागत नाही. खाली तोच क्रम दिलाय.

आधी स्लायडर आतमध्ये करतो काय

हे एकदा समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जातं. साध्या जेपेग फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, लाल, हिरवा, निळा, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. तिन्ही सारखे असले की तो ठिपका करडा. तिघांत जितकं अंतर जास्त तितका रंग गडद, भरलेला. सॅच्युरेशन वाढवणं म्हणजे हे तीन आकडे त्या करड्यापासून आणखी लांब ढकलणं, कमी करणं म्हणजे करड्याकडे ओढत आणणं, म्हणून तर पूर्ण डावीकडे नेलं की फोटो ब्लॅक अँड व्हाइट होतो.

आता झेंडूची उजेडातली एक पाकळी घ्या. समजा लाल २४०, हिरवा १४०, निळा २०. हिच्याइतकाच उजळ करडा साधारण १५३ येतो (डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतो आणि निळा सगळ्यात कमी, त्यामुळे ही साधी सरासरी नसते). अंतर फक्त ३० टक्क्यांनी वाढवलं तर लाल जातो २६६ ला, पण वर जागाच २५५ पर्यंत आहे, म्हणून तो २५५ वर आपटतो. निळा जातो उणे २० ला, तोही शून्यावर आपटतो. शेजारच्या पाकळीचा लाल २५० होता, तोसुद्धा २५५. दोन पाकळ्यांतला जो बारीक फरक होता, ज्याच्यामुळे पाकळी पाकळीसारखी दिसत होती, तो दोन्ही बाजूंनी कापला गेला. याला क्लिप होणं म्हणतात. प्रत्येक ॲपचं सूत्र थोडं वेगळं असतं, काही ॲप जरा सांभाळून घेतात, पण प्रकार हाच. आणि यावरून हेही कळेल की झेंडू, जास्वंद, गुलाल, कुंकू, भगवे झेंडे हे सगळ्यात आधी का फाटतात, ते मुळातच काठावर उभे असतात.

सुरुवातीची तयारी, दोन मिनिटांची

मूळ फोटोची कॉपी करून ठेवा. स्नॅपसीड, लाइटरूम वगैरे एडिटिंगची ॲप मूळ फाइल बदलत नाहीत, पण फोनच्या गॅलरीत एडिट करून वरच सेव्ह करायची सवय असेल तर ती मोडा, निदान सेव्ह ॲज कॉपी तरी दाबा.

मग स्क्रीन. हे कोणी सांगत नाही आणि इथेच बरेच जण फसतात. बऱ्याच फोनमध्ये डिस्प्ले विव्हिड मोडवर असतो, म्हणजे स्क्रीन स्वतःच रंग चढवून दाखवते. सेटिंगमध्ये डिस्प्लेत जाऊन नॅचरल किंवा स्टँडर्ड करा. डोळ्यांना त्रास नको म्हणून रात्री लागणारा पिवळसर फिल्टर बंद करा, आयफोन असेल तर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट दोन्ही बंद. ब्राइटनेस मधोमध. खोलीत पिवळा बल्ब असेल तर खिडकीपाशी बसा. रात्री अंथरुणात पडून अंधारात केलेलं एडिट सकाळी वेगळंच दिसतं, ते याच्यामुळे.

पायरी १: व्हाइट बॅलन्स

व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाचा रंग वजा करून पांढरं पांढरं दिसेल असं करणं. परत झेंडूकडे या. तो मातकट का दिसत होता? कारण विक्रेत्यांनी वर निळी ताडपत्री बांधलेली असते आणि खाली येणारा उजेड तिच्यातून गाळून निळा होऊन येतो. केशरी फूल निळा उजेड जवळपास परत फेकतच नाही, म्हणून ते काळपटतं. आपल्या डोळ्यांमागचा मेंदू हे मनातल्या मनात दुरुस्त करतो, कॅमेरा तितकं करत नाही. आता अशा फोटोत सॅच्युरेशन वाढवलं तर पसरलेला निळासुद्धा वाढणारच की.

म्हणून फोटोत मुळात पांढरं किंवा करडं असलेलं काहीतरी शोधा. शेवंती असेल, वजनकाट्याचं स्टीलचं पारडं असेल, कोणाचा पांढरा सदरा असेल. स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्स टूल आहे, त्यात ड्रॉपर, म्हणजे रंग उचलायचं चिन्ह येतं, ते त्या पांढऱ्या भागावर नेऊन सोडा. लाइटरूममध्येही ड्रॉपर आहे. ड्रॉपर नसेल तर वॉर्म्थ किंवा टेम्परेचरचा स्लायडर हळूहळू पिवळ्याकडे न्या आणि नजर झेंडूवर न ठेवता त्या पांढऱ्यावर ठेवा. ते पांढरं पांढरं दिसायला लागलं की थांबा. झेंडू आपोआप वर आलेला असेल, न वाढवता.

एक अडचण येते, ताडपत्रीच्या बाहेर जो ऊन पडलेला भाग आहे तो आता पिवळा दिसणार. तिथे दोन उजेड एकाच फोटोत आहेत, दोन्ही एकदम बरोबर होणार नाहीत. फोटो ज्याचा आहे त्याचा उजेड बरोबर करा, उरलेलं क्रॉप करता आलं तर करा.

सावलीतल्या फोटोंनाही हेच लागू, सावलीचा उजेड आभाळातून येतो म्हणून निळसर असतो. पालखीच्या वेळी झाडाखाली विसावलेल्या वारकऱ्यांचे फोटो काढले असतील तर बघा, पांढरी धोतरं निळी झालेली असतात. जरा वॉर्म्थ दिली की भगवी पताका जागेवर येते.

पायरी २: उजेड आणि कॉन्ट्रास्ट

हे पटकन. एक्स्पोजर नीट करा, मग ब्लॅक्स (सगळ्यात काळे भाग) थोडे खाली, मग कॉन्ट्रास्ट (उजळ आणि गडद यांतला फरक) थोडा वर. लक्षात ठेवायचं ते एवढंच की बहुतेक ॲपमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला की रंगही वाढतो, कारण तिन्ही आकड्यांतलं अंतर त्यानेही ताणलं जातं. धुरकटपणा काढणाऱ्या डीहेझनेही तसंच. सिंहगडावरून खडकवासल्याचा फोटो काढला, मधे धुरकट हवा, त्याला डीहेझ १५-२० दिलं की हिरवा आणि निळा दोन्ही उठून येतात. ज्यांनी आधी सॅच्युरेशन वाढवून ठेवलं आणि मग कॉन्ट्रास्ट दिला त्यांचा फोटो दुप्पट भडक होतो आणि नेमकं कशाने झालं ते कळत नाही. म्हणून रंग शेवटी.

पायरी ३: व्हायब्रन्स आधी, सॅच्युरेशन नंतर

दोन्ही स्लायडर शेजारी शेजारी असतात आणि नवीन माणसाला एकच वाटतात. सॅच्युरेशन सगळ्यांना सारखं ढकलतं, जो आधीच भरलेला आहे त्यालाही. व्हायब्रन्स जे रंग फिके आहेत त्यांना जास्त ढकलतं, जे आधीच गडद आहेत त्यांना कमी, आणि त्वचेच्या रंगाला जरा जपून असतं. पंगतीत ज्याच्या पानात कमी आहे त्याला आधी वाढावं, तसं.

लाइटरूममध्ये दोन्ही उणे १०० ते अधिक १०० असतात. माझा हात व्हायब्रन्स १० ते २० च्या पुढे क्वचित जातो, आणि सॅच्युरेशन ० ते ८. आयफोनच्या स्वतःच्या फोटो ॲपमध्ये दोन्ही आहेत. स्नॅपसीडमध्ये ट्यून इमेज उघडलं की सॅच्युरेशन मिळतं, तिथे १०-१५ वर थांबा. स्लायडर सरकवायची एक पद्धत सांगतो, ती खरंच उपयोगी पडते: आधी मुद्दाम पार भडक होईपर्यंत न्या, मग डोळे फोटोतल्या सगळ्यात लाल गोष्टीवर ठेवून हळूहळू मागे या, आणि पाकळीच्या शिरा किंवा कापडाची वीण परत दिसायला लागली की तिथून अजून थोडं मागे. खालून वर जाताना डोळा सरावत जातो आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा छानच वाटतो, वरून खाली येताना तसं होत नाही.

पायरी ४: एकेका रंगाशी बोला

खरी मजा इथे आहे, आणि जे शिकायचंय ते बहुतेक इथेच शिकायला मिळतं. लाइटरूमच्या फोन ॲपमध्येही कलर मिक्स म्हणून आठ रंगांचे वेगवेगळे स्लायडर असतात, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा आणि मजेंटा, आणि प्रत्येकाला तीन कळा, ह्यू म्हणजे रंगाची छटा, सॅच्युरेशन, आणि ल्युमिनन्स म्हणजे तो रंग किती उजळ. कॉम्प्युटरवर गिंप फुकट आहे, त्यात ह्यू-सॅच्युरेशनमध्ये सहा रंग वेगवेगळे धरता येतात.

पावसाळ्यातली मुळशी घ्या. फोन हिरव्याला इतका चढवतो की भातखाचरं प्लास्टिकच्या गवतासारखी दिसतात. इथे सॅच्युरेशन कमी करायचंय, पण हिरव्याचं कमी केलं तर फारसं काही होत नाही, आणि लोक गोंधळतात. कारण पानांच्या रंगात पिवळा खूप असतो, ॲपच्या दृष्टीने तुमचं अर्धं भातखाचर पिवळ्या खात्यात आहे. पिवळ्याचं सॅच्युरेशन उणे १५ करा, हिरव्याचं उणे १०, बघा कसं ओलं, खरं हिरवं येतं ते.

आभाळ फिकं आहे? निळ्याचं सॅच्युरेशन वाढवू नका, त्याने दाणे दिसायला लागतात आणि गुळगुळीत आभाळात पट्टे पडतात. निळ्याचं ल्युमिनन्स १०-१५ ने खाली आणा. रंग तोच राहतो पण खोल वाटतो. हीच युक्ती गुलमोहराला, बहाव्याला, रस्त्याकडेच्या गुलाबी टॅबेबुयाला, सगळ्यांना चालते, उजळपणा जरा कमी केला की रंग भरल्यासारखा वाटतो आणि काही क्लिप होत नाही.

माणसांच्या फोटोत केशरी रंग म्हणजे त्वचा, हे पाठ करून ठेवा. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ, गोऱ्या सगळ्याच त्वचा केशरीच्या आसपास येतात, फरक असतो तो उजळपणाचा आणि थोडा छटेचा. चेहरे तांबूस दिसत असतील तर केशरी सॅच्युरेशन उणे ५ ते १०. ल्युमिनन्स वाढवून लोकांना गोरं करण्याच्या फंदात मात्र पडू नका, मला ते मनापासून आवडत नाही, माणूस जसा आहे तसा सुंदर दिसतो आणि फोटो बघून त्याला स्वतःची ओळख पटली पाहिजे. हळदीच्या कार्यक्रमात अजून एक होतं, पिवळे कपडे, पिवळ्या झेंडूच्या माळा आणि अंगाला हळद, सगळ्याचा पिवळा उजेड चेहऱ्यावर उडतो. तिथे पूर्ण फोटोचं व्हाइट बॅलन्स निळ्याकडे नेलं तर हळदीची मजाच जाते, पिवळ्याचं सॅच्युरेशन तेवढं उणे १० करा.

विसर्जन मिरवणुकीचे फोटो वेगळं प्रकरण आहे. दिवसा गुलाल उधळलेला असतो तो लाल आणि मजेंटा दोन्हींत विभागलेला असतो, त्या दोघांचं ल्युमिनन्स आणि सॅच्युरेशन थोडं थोडं खाली घ्या, मग चेहऱ्यावरचा गुलाल पावडरीसारखा दिसतो, रंगाचा पत्रा चिकटवल्यासारखा दिसत नाही. रात्री लक्ष्मी रोडवर निळ्या-जांभळ्या एलईडीखाली ढोलपथक वाजवतंय, त्या उजेडात बाकीचे रंग जवळपास नसतातच, त्यामुळे व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, कातडीचा रंग परत येणार नाही. अशा फोटोत निळ्या आणि जांभळ्याचं सॅच्युरेशन उणे ३० पर्यंत नेऊन बघा, तरी नाही जमलं तर सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा, ढोलाची दोरी आणि घामाने भिजलेला चेहरा त्यात जास्त बोलतो. पुढच्या वेळी काढतानाच एक्स्पोजर कमी ठेवा, आणि कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये रॉची, म्हणजे सेन्सरची न दाबलेली मूळ माहिती ठेवणाऱ्या फाइलची सोय असेल तर रॉमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, ओढाताण करायला तेवढी जागा जास्त.

पायरी ५: फक्त तेवढाच भाग

पूर्ण फोटोला हात न लावता एकच गोष्ट वर आणायची असेल तर स्नॅपसीडचं सिलेक्टिव्ह टूल. झेंडूच्या ढिगावर बोट ठेवा, टिंब येईल, दोन बोटांनी चिमटीसारखं करून गोल लहानमोठा करा, बोट वरखाली सरकवून सॅच्युरेशन निवडा, मग उजवीकडे १०-१५. काकूंच्या हातावर दुसरं टिंब ठेवून तिथे उणे ५. एवढंच. चुकलं तर व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन ती पायरी परत उघडता येते, सगळं पहिल्यापासून करायला नको.

विकायच्या वस्तूचा फोटो असेल तर

हे वेगळं लिहितोय कारण इथे मी स्वतः चूक केलीये. माझी मावशी घरून साड्या विकते, फोटो व्हॉट्सॲपवर टाकते. एका वांगी रंगाच्या पैठणीचा फोटो मी एडिट करून दिला, काठ उठून दिसावेत म्हणून सॅच्युरेशन २५ केलं. साडी त्याच दिवशी गेली आणि चार दिवसांनी परत आली, घेणाऱ्या ताईंचं म्हणणं की फोटोत जांभळी होती, ही तर काळपट आहे. त्यांचं बरोबर होतं. वांगी रंगाचं सगळं सौंदर्य त्या काळपटपणात असतं आणि मी तोच पुसून टाकला होता. मावशीचे पैसे गेले आणि शब्दही गेला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून साडी समोर ठेवल्याशिवाय साडीचा फोटो एडिट करत नाही. दिवसाउजेडी, खिडकीजवळ, ट्यूब बंद, साडीवर एक पांढरा कागद ठेवून एक जादाचा फोटो काढायचा. त्या कागदावरून व्हाइट बॅलन्स घ्यायचं आणि तेच सेटिंग बाकी फोटोंना लावायचं. मग फोन साडीशेजारी धरून दोन्ही बघायचं. राणी कलर आणि डाळिंबी हे फोनमध्ये आधीच चढून येतात, तिथे सॅच्युरेशन खालीच आणावं लागतं. चिंतामणी आणि मोरपंखीत ह्यू सरकतो, चिंतामणी नुसताच निळा होतो आणि मोरपंखी नुसता हिरवा, तिथे सॅच्युरेशनला हात न लावता आकाशी रंगाचा ह्यू थोडा थोडा हलवून बघा. जरीला पिवळ्याचं सॅच्युरेशन दिलं तर ती हळदीसारखी दिसते, जरीला चमक हवी असेल तर हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग वाढवा.

पायरी ६: तपासणी

फोटो झाला असं वाटलं की फोन बाजूला ठेवा, चहा टाका, दहा मिनिटांनी परत बघा. डोळा ताजा झालेला असतो. मूळ फोटो दाबून धरून आधीचं-नंतरचं बघा, आधीचा बघितल्यावर तो आजारी वाटला तर ठीक, पण आधीचा बघून डोळ्यांना हायसं वाटलं तर तुम्ही जास्त केलंय.

मग सगळ्यात लाल भागावर झूम करा. हिस्टोग्राम (कुठल्या उजळपणाचे ठिपके किती ते दाखवणारा आलेख) दिसत असेल तर लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटून उभी आहे का बघा. कॉम्प्युटरवरच्या लाइटरूम क्लासिकमध्ये डेव्हलप भागात कीबोर्डवरचं J हे बटण दाबलं की क्लिप झालेले भाग रंगवून दिसतात. लाल रेघ भिंतीला चिकटली असेल तर लाल आणि केशरीचं सॅच्युरेशन पाच-पाचने मागे घ्या, भिंत सुटेपर्यंत.

बाहेर पाठवताना

एक्सपोर्टला कलर स्पेस, म्हणजे फाइलमधले रंग कुठल्या मापाने मोजायचे ते, विचारली तर एसआरजीबी निवडा. ॲडोबी आरजीबीत रंगांची जागा जास्त असते म्हणून लोक ती निवडतात, पण समोरच्याच्या ॲपने ती ओळखली नाही तर तुमचा फोटो तिथे फिका दिसतो आणि तुम्ही पुढच्या वेळी उगाच सॅच्युरेशन वाढवता. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडा, आणि प्रिंटवाल्याला पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून दाबून लाल कडा चौकटी-चौकटीच्या होतात.

पत्रिका किंवा फ्लेक्स छापायचा असेल तर ती छपाई वेगळ्या चार शाईंची असते, आकाशी (सायन), मजेंटा, पिवळा, काळा, आणि स्क्रीनवरचा झगझगीत केशरी, पोपटी, गडद निळा त्या शाईत पूर्ण बसतच नाही. तो मंद होऊनच येणार, म्हणून आधीच सॅच्युरेशन वाढवून पाठवणं फुकट जातं, उलट पाकळ्यांमधला फरक पुसला जातो. मोठा प्रिंट काढायच्या आधी चार बाय सहाचा एक काढून घ्या आणि तो दुकानातल्या ट्यूबखाली बघू नका, फुटपाथवर या, सावलीत उभे राहा, फोन शेजारी धरा. झेंडूच्या पाकळ्या सुट्या दिसतायत आणि काकूंचे हात हातांसारखे दिसतायत एवढं बघून मोठ्याची ऑर्डर द्या.